वाचक विचारतात : कातकामाच्या हत्यारांसाठी भिंतीवरचा रॅक

प्रश्न : काका, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, घेतला. घरामागच्या पडवीत तो बसवलाय. रूळ, मुठी, लहान वाडगे एवढं जमू लागलंय. हत्यारं नऊ आहेत : तीन गोलच्या (पन्हळीसारख्या पात्याच्या), दोन तिरक्या पटाश्या, एक पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करणारं), तीन स्क्रेपर (खरवडणारे). सध्या सगळी एका बादलीत उभी असतात आणि एकमेकांवर आपटून धारा जातात. भिंतीवर रॅक करावा म्हणतोय. भिंत जुन्या चिऱ्याची (जांभा दगडाची) आहे आणि पावसाळ्यात ओल येते. लेथ भिंतीला लागून असल्याने त्याच्या बरोबर मागेच रॅक लावावा असा विचार आहे. बाजारात चुंबकी पट्ट्या मिळतात, त्या चालतील का? आणखी एक : मे महिन्यात नातवंडं येतात, धाकटा सहा वर्षांचा आहे. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमच्या पत्रातल्या एका ओळीने मला काळजी वाटली, तिथूनच सुरुवात करतो. लेथच्या मागच्या भिंतीवर रॅक लावू नका. तिथे जागा रिकामी असते, समोर दिसते, म्हणून बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तीच येते. पण रॅक तिथे असला की प्रत्येक हत्यार घ्यायला हात फिरत्या लाकडावरून न्यावा लागतो. लेथ बंद करूनच हात पुढे न्यायचा असं आपण ठरवतो, आणि कामात लय लागली की तेच आधी विसरतो. सदऱ्याची बाही फिरत्या लाकडात अडकायला क्षणही लागत नाही. शिवाय वाडगा फुटला किंवा चकमधून (लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून) सुटला तर त्याचे तुकडे तो ज्या रेषेत फिरतो त्याच रेषेत उडतात, म्हणजे समोर, मागे आणि वर. त्या रेषेत धारदार पोलादाची रांग टांगायची नाही.

रॅकची जागा तुमच्या उजव्या हाताला, टेलस्टॉकच्या (लाकडाचं उजवं टोक धरणाऱ्या भागाच्या) बाजूच्या भिंतीवर. लेथसमोर उभं राहून उजवीकडे काटकोनात वळलात की हत्यार हाताशी आलं पाहिजे. तिथे भिंत नसेल तर तुमच्या पाठीमागची, उजव्या खांद्याकडची भिंत घ्या. वळावं लागतं हा मी फायदा मानतो. वळताना नजर कामावरून निघते, त्यामुळे हत्यार टूल रेस्टवरून (ते टेकवायच्या पट्टीवरून) आधी उचलावंच लागतं. वाडग्याचं काम असेल तेव्हा टेलस्टॉक काढून बाजूला ठेवा, नाहीतर रॅककडे वळताना त्याचं टोक कोपराला लागतं.

चुंबकी पट्टीचं थोडक्यात सांगतो : नको. स्वयंपाकघरातल्या चपट्या सुरीला ती चालते. वाडग्याच्या गोलचीचा दांडा गोल असतो, त्याचा पट्टीला जेमतेम एका रेषेत स्पर्श होतो आणि मुठीचं वजन तिला खाली ओढत राहतं. शिवाय हत्यारात चुंबकत्व उतरतं. मग ग्राइंडरवर धार लावताना उडणारी पोलादाची पूड धारेलाच चिकटून बसते.

आता हत्यार उभं कसं ठेवायचं, पातं वर की मूठ वर? पातं वर ठेवलं तर कुठलं हत्यार कुठलं हे बघताक्षणी कळतं. एकट्याने काम करणाऱ्याच्या खोलीत मी तसंच सुचवतो. तुमच्या घरी सहा वर्षांचं मूल येतं, त्यामुळे तुमच्यासाठी उत्तर एकच : मूठ वर, पातं खाली, आणि पात्यांसमोर उघडझाप करणारी पारदर्शक झडप.

रॅकची पाठ १८ मिलिमीटर प्लायची करा, ९० सेंटिमीटर रुंद आणि ४५ उंच. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का बघा, तोच ओलीला टिकतो. दुकानदार एमआर (जेमतेम ओलावा सोसणारा) दाखवेल आणि स्वस्त पडतो म्हणेल, पण कोकणात तो घेऊ नका. ज्या आडव्या फळीत हत्यारं अडकतील ती मात्र प्लायची नको. प्लायच्या खाचेला रोज पोलाद घासलं की थर सुटायला लागतात. ती फळी एक इंची सागाची, १२ सेंटिमीटर खोलीची घ्या. सागाच्या तेलकटपणामुळे लोखंडाला त्याचा त्रास होत नाही. बाभूळ किंवा खैर घरात पडून असेल तरी इथे वापरू नका. त्यांत टॅनिन भरपूर, दमट हवेत लोखंडाला लागलं की दोन्हीकडे काळे डाग पडतात.

फळी पाठीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर खाली बसवा. पाठीला तिच्यासाठी ६ मिलिमीटर खोल खाच घ्या, सरस लावा आणि मागून स्क्रू मारा. खालून दोन्ही टोकांना आणि मध्ये असे तीन त्रिकोणी टेकू द्या. बसवताना फळीची पुढची कड मागच्यापेक्षा साधारण १ सेंटिमीटर वर ठेवा. १२ सेंटिमीटर खोलीच्या फळीला हा कल जवळजवळ ५ अंशांचा होतो. त्यासाठी मागची कड आधी तेवढ्या कोनात रंधून घ्यावी लागते. हा कल असला की हत्यार आपल्याच वजनाने मागे टेकतं, दार आपटलं तरी पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाचांना द्या. सगळ्या खाचा एका मापाच्या करणं चुकीचं आहे. प्रत्येक हत्याराचा मुठीलगतचा दांडा आणि मुठीच्या तोंडाची शेंबी (धातूचं कडं), दोन्ही व्हर्निअरने मोजा आणि फळीवर पेन्सिलने त्या त्या जागी हत्याराचं नाव लिहा. समजा गोलचीचा दांडा १६ मिलिमीटरचा आहे आणि शेंबी २६ ची. तर फळीच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटर आत मध्यबिंदू धरा. आधी २८ मिलिमीटरच्या बिटने फक्त ४ मिलिमीटर खोल खळगा करा. मग त्याच मध्यबिंदूवर १८ मिलिमीटरच्या बिटने आरपार भोक पाडा. क्रम उलटा केलात तर मोठ्या बिटला धरायला मध्य उरत नाही आणि तो भटकतो. मग पुढच्या कडेपासून भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन करवतकाप घ्या, मधला तुकडा काढा, कडा कानसेने मोडा. आता हत्यार पुढून आत सरकतं आणि शेंबी खळग्यात बसते. बाहेर काढायचं तर आधी बोटभर उचलावं लागतं. त्या ४ मिलिमीटरमुळे हत्यार चुकून बाहेर येत नाही.

तिरक्या पटाशीचं पातं रुंद असलं तरी जाडी ६ ते ८ मिलिमीटरच असते. ती खाचेत आडवी न ठेवता कडेवर घाला, म्हणजे तिची रुंदी भिंतीकडे जाईल. तिला रुंद खाच लागत नाही, आत आणखी थोडी खोल लागते. मोठ्या रफिंग (ओबडधोबड लाकूड आधी गोल करायच्या) गोलचीचं पन्हळ रुंद असतं, पण मुठीत जाणारी मान बारीक असते. खाच त्या मानेच्या मापाची करा. ओघात सांगून ठेवतो : त्या बारीक मानेमुळेच रफिंग गोलची वाडग्यावर कधीही चालवायची नाही. वाडग्यात लाकडाचे आडवे रेषे दर फेऱ्याला दोनदा समोर येतात, पातं त्यात अडकलं तर सगळा धक्का मानेवर येतो आणि ती तिथे मोडते. ती रूळ, खांब अशा लांब कामासाठीच आहे. तुम्ही वाडगे करू लागला आहात म्हणून हे आवर्जून लिहितो.

दोन खाचांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साडेसात सेंटिमीटर ठेवा. मूठ साडेतीन सेंटिमीटरची आणि दोन्ही बाजूंनी बोटं जायला हवीत. नऊ हत्यारं ६८ सेंटिमीटरमध्ये बसतात. उरलेल्या जागेत दोन खाचांची जागा मोकळी सोडा, पण त्या आत्ताच कापू नका. पुढचं हत्यार कुठल्या मापाचं येईल हे ते आल्यावरच कळेल.

फळीखाली पाती लोंबतात त्या जागेला दोन्ही बाजूंनी प्लायच्या बाजू द्या. समोर लाकडी चौकटीत ५ मिलिमीटर ॲक्रिलिकची झडप बसवा. बिजागऱ्या खालच्या कडेला लावा. काम करताना झडप खाली सोडून दिली की ती लोंबत राहते, वाटेत येत नाही. काम संपलं की वर उचलायची आणि कडी घालून लहान कुलूप लावायचं. आतली पाती बाहेरून दिसतात, त्यामुळे एखादं हत्यार परत ठेवायचं राहिलं तर लगेच कळतं. तळाला फळी लावू नका, अर्ध्या इंची जाळी लावा. तळ बंद केला की आत भुसा साचतो, भुसा ओल धरतो, आणि गंज चढतो तो नेमका धारेवर. आडवी फळी जमिनीपासून सव्वाशे सेंटिमीटरवर ठेवली की मुठी तुमच्या छातीच्या वर, खांद्याच्या आसपास येतात. सहा वर्षांच्या मुलाचा हात वर केल्यावर झडपेपर्यंत सहज पोचतो, म्हणून कुलूप हवंच, उंचीवर भरवसा नको. आणि नातवंडं घरात असतील तेवढे दिवस लेथचा प्लग काढून ठेवा. हत्यारं कुलपात आणि लेथ चालू अवस्थेत, असं होता कामा नये.

मूठ वर ठेवली की सगळी हत्यारं सारखीच दिसतात ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय आपल्याच भागातल्या कामात आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांवर जो लाखेचा रंग असतो, तोच मुठीच्या टोकाला द्या. मूठ लेथवर चढवा, वेग मध्यम ठेवा आणि रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरा. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या वाळलेल्या पानाने दाबत न्या, चकाकी येते. गोलचीला लाल कडं, तिरक्या पटाशीला पिवळं, पार्टिंगला हिरवं, स्क्रेपरला काळं. एकाच जातीची तीन असतील तर एक, दोन, तीन कडी. कडं अर्ध्या इंचापेक्षा रुंद नको आणि अगदी टोकालाच हवं. हाताची पकड जिथे येते तिथे लाख दिली तर घामाने मूठ निसटते. पकडीची जागा कोरी ठेवा, फार तर जवसाच्या तेलाचा हात द्या.

आता भिंत. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत थेट स्क्रू मारून रॅक लावू नका. सागाची साडेसात सेंटिमीटर रुंद, २० मिलिमीटर जाड पट्टी घ्या आणि ती लांबीत मधोमध ४५ अंशांत चिरा. एक अर्धी भिंतीवर येते, तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरी रॅकच्या पाठीला उलटी लागते. रॅक वरून खाली बसवला की दोन्ही पट्ट्या एकमेकींत अडकतात. रॅकच्या पाठीला खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची दुसरी पट्टी द्या, म्हणजे रॅक ओळंब्यात राहतो. यात दोन कामं होतात. पावसाळ्याआधी रॅक उचलून मागची भिंत पुसता येते, आणि रॅक व भिंत यांच्यात दोन सेंटिमीटर हवा खेळती राहते. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे भिंतीला चिकटलेलं लाकूड जुलैत मागून काळं पडतंच.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवा. हॅमरने चिरा आतून भुगा होतो, भोक मोठं पडतं आणि गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) फिरत राहते. साधं ड्रिल आणि ८ मिलिमीटरचं बिट. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्या, सांध्यात नाही. जुन्या घरात सांधा मातीचा किंवा चुन्याचा असतो, तो पकडत नाही. गिलावा दीड-दोन सेंटिमीटरचा असेल तर तो सोडून गिट्टी पूर्ण चिऱ्यात गेली पाहिजे. म्हणून स्क्रू ७५ मिलिमीटरचा, दहा नंबरचा, स्टेनलेस. भोकातली धूळ फुंकून काढा, मगच गिट्टी ठोका. पट्टीला असे पाच स्क्रू. एखादं भोक पोकळ लागलं तर ते सोडून द्या आणि शेजारच्या चिऱ्यात नवं घ्या. त्याच भोकात काड्या कोंबून स्क्रू बसवू नका.

हे इतकं कशाला, चार अँगल मारले तर चालणार नाहीत का, असं कुणी म्हणेल. हिशोब करून बघा. हत्यारं सातेक किलो, रॅक दहाएक किलो, मिळून १७. हे वजन भिंतीपासून ८ सेंटिमीटरवर आहे असं धरू. पाठ ४० सेंटिमीटर उंचीवर भिंतीला टेकत असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ १७ गुणिले ८ भागिले ४०, म्हणजे साडेतीन किलोच्या आतच येते. तीच फळी ६ सेंटिमीटर उंचीच्या अँगलवर लावली तर ओढ साडेबावीस किलोच्या वर जाते, आणि ती भुसभुशीत चिऱ्यातल्या दोन-तीन गिट्ट्यांवर. स्क्रू तेच, भिंत तीच, फरक फक्त पाठीच्या उंचीचा.

शेवटी गंजाबद्दल. हायस्पीड स्टीलसुद्धा गंजतं, फक्त हळू. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा पात्यांवरून फिरवा. खोबरेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि भुसा धरून ठेवतं.

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बंद गॅलरीत टेबलावरचा छोटा लेथ आहे. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. पीव्हीसी पाइपचे तुकडे करून त्यात हत्यारं ठेवलेली मी पाहिली आहेत. ते चांगलं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चांगलं, आणि तुमच्यासाठी तेच योग्य. ५० मिलिमीटरचा पाइप घ्या, त्यात बहुतेक मुठी सैल बसतात. ६३ चा घेतलात तर हत्यार आत डुलतं आणि शेजारच्या पात्याला लागतं. मूठ खाली जाईल, त्यामुळे पाइपची लांबी मुठीपेक्षा दोन बोटं कमी ठेवा, म्हणजे शेंबी आणि पातं बाहेर दिसतील. पाइप सरळ उभे लावू नका, १० ते १५ अंश मागे कललेले लावा. तळाला बूच बसवू नका. प्रत्येक पाइपखाली एक आडवी पट्टी द्या, तिच्यावर मूठ टेकेल आणि दोन्ही बाजूंनी भुसा खाली पडेल.

भिंतीऐवजी हे पाइप एका प्लायच्या पाठीवर स्क्रूने बसवा आणि ती पाठ स्वतंत्र पायावर उभी करा. पाया रुंद हवा, आणि त्यावर विटा किंवा वाळूची पिशवी ठेवायला कप्पा हवा, कारण सगळं वजन वरच्या बाजूला येतं. रॅक लेथच्या टेबलाला जोडू नका. छोटा लेथ असमतोल लाकडाने थरथरतो आणि पाती आपसांत किणकिणत राहतात.

पुढे स्वतःचं घर झालं आणि भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) असेल तर कुडाळच्या उत्तरातलं हॅमर बंद ठेवण्याचं तिथेही लागू आहे. फक्त साधी गिट्टी त्या ब्लॉकात धरत नाही, एएसीसाठीची रुंद आट्यांची नायलॉन गिट्टी मागा.

प्रश्न : मी डावखुरी आहे. लेथ नुकताच शिकू लागले. मला रॅक डावीकडे हवासा वाटतो, पण तिकडे हेडस्टॉक आहे. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हेडस्टॉकच्या बाजूला लावू नका. तिथे मोटर, पट्टा आणि फिरता चक आहे, डावा हात सतत त्यांच्या जवळून जाईल. तुमच्यासाठी जागा पाठीमागे, डाव्या खांद्याकडे, दोन पावलांवर. वळताना डावीकडून वळा, हत्यार डाव्या हाताने मुठीला धरा, आणि पातं जमिनीकडे ठेवून लेथकडे परत या.

आणखी एक सुचवतो. तुम्ही नव्याने शिकताय, तर दोन्ही हातांनी हत्यार धरायला आत्ताच शिका. रुळाच्या डाव्या टोकाशी काम करताना अंग हेडस्टॉकला लागतं, तेव्हा उजव्या हाताच्या माणसालाही हात बदलावा लागतो. डावखुऱ्यांना हे आमच्यापेक्षा लवकर जमतं असा माझा शिकवतानाचा अनुभव आहे. ते जमलं की रॅक टेलस्टॉकच्या बाजूला न्या. म्हणून आत्ता रॅक कुडाळच्या उत्तरातल्या ४५ अंशांच्या पट्टीवरच अडकवा आणि दुसरी पट्टी उजव्या भिंतीवर आधीच बसवून ठेवा, म्हणजे नंतर फक्त उचलून तिकडे लावायचा.